अ‍ॅशबर्नचा ग्रीन मॅन : सराई बंद पडली, पाटी उरली

डर्बीकर (धागाकर्ता)

इंग्लंडमधील बंद पडलेल्या पबांविषयी येथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुधा 'किती पब बंद पडले' या आकड्यापाशी येऊन थांबते. एकाच घराचा इतिहास नीट मांडला तर त्या आकड्यामागे काय दडले आहे ते अधिक स्पष्ट होईल, असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे. घर आहे डर्बीशायरमधील अ‍ॅशबर्न या बाजारगावचे, आणि त्याचे पूर्ण नाव आहे 'द ग्रीन मॅन अँड ब्लॅक्स हेड रॉयल हॉटेल'. गावात मात्र त्याला नुसते 'ग्रीन मॅन' म्हणतात.

अ‍ॅशबर्नला आठवडी बाजाराची सनद १२५७ साली मिळाली. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागाच्या दक्षिण टोकाशी हे गाव वसलेले असल्यामुळे लंडनहून डर्बी, लीक आणि मॅक्लसफील्डमार्गे मँचेस्टरला जाणारा रस्ता त्याच्या पोटातून जात असे. अठराव्या शतकात टपालगाड्या आणि प्रवासी घोडागाड्या नियमित धावू लागल्या, तेव्हा अशा गावांतील मोठ्या सरायांना बरकत आली. घोडे बदलणे, गाडीवानांची सोय पाहणे, उतारूंना गरम जेवण आणि कोरडे अंथरूण देणे, भाड्याने बग्गी पुरवणे ही त्यांची खरी कमाई होती. बिअर विकणे हा त्या धंद्याचा केवळ एक भाग होता. सेंट जॉन स्ट्रीटवरील ग्रीन मॅन ही अशीच विटांची भक्कम सराई होती.

तिचा सर्वांत नामवंत ग्राहक म्हणजे स्कॉटिश लेखक जेम्स बॉसवेल. १७७७ च्या सप्टेंबरात तो अ‍ॅशबर्नला आला होता, कारण प्रसिद्ध इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन तेथे आपला बालमित्र, धर्मोपदेशक जॉन टेलर याच्या चर्च स्ट्रीटवरील घरी मुक्कामाला होता. परतीच्या वेळी बॉसवेलने ग्रीन मॅनमधून बग्गी भाड्याने घेतली, आणि पुढे १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्सन-चरित्रात 'फार चांगली सराई' अशी तिची नोंद केली. सराईच्या मालकीणबाईंनी खूप खाली लवून नमस्कार केला आणि आपल्या घराच्या पाटीचे एक छापील चित्र त्याला भेट दिले. त्या चित्राखाली बाईंनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला होता. तो बॉसवेलला इतका आवडला की त्याने तो आपल्या रोजनिशीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला. एम. किलिंग्ली असे बाईंचे नाव. आपण केलेल्या कृपेबद्दल अत्यंत आभारी आहे, पुन्हा या वाटेने आलात तर अशीच कृपा असावी, आणि आपल्या विस्तृत परिचयातील मंडळींपाशी या घराचे नाव घेतलेत तर ज्या बाईपाशी मनःपूर्वक आभार आणि प्रार्थना यांवाचून परतफेडीला दुसरे काही नाही तिच्यावर मोठे उपकार होतील, असा त्याचा आशय आहे. खाली तारीख नाही, फक्त 'मंगळवार, सकाळ' एवढेच लिहिले आहे. धंद्याची इतकी सभ्य जाहिरात माझ्या वाचनात दुसरी नाही, आणि बाईंची मागणी बॉसवेलने अक्षरशः पुरवली, कारण जॉन्सन-चरित्र जिथे जिथे वाचले गेले तिथे ग्रीन मॅनचे नावही पोहोचले.

आज आपण जे लांबलचक नाव वाचतो ते मात्र त्या काळचे नाही. 'ब्लॅकमूर्स हेड' नावाची गावातील दुसरी सराई १८२५ साली ग्रीन मॅनमध्ये विलीन झाली आणि दोन्ही नावे एका पाटीवर आली. 'रॉयल' हे बिरुद तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया १८३२ च्या दौऱ्यात येथे थांबली म्हणून लागले, असे गावात सांगितले जाते. म्हणजे नाव सर्वांत लांब झाले ते घोडागाड्यांच्या ऐन भरात. पुढच्या पाचसहा वर्षांत लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर ही शहरे रेल्वेने जोडली गेली, आणि मँचेस्टरच्या उतारूला अ‍ॅशबर्नच्या वाटेला जाण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते ग्रीन मॅनच्या उताराची सुरुवात तेथे झाली. प्रत्यक्ष दार बंद व्हायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. गेल्या दशकात हॉटेल म्हणून ते संपले आणि इमारत इतर वापरांत गेली. रस्त्याच्या वर आडवी उभारलेली पाटी मात्र जागेवरच राहिली, आणि २०२० साली सगळ्या देशाने पाहिली ती तीच.

सह्यवाट

लेख आवडला. रस्त्यावर आडवी उभारलेली पाटी म्हणजे नेमकी कशी, हे जरा सांगाल का? छायाचित्रात पाहिले तर आपल्याकडील गावाच्या वेशीवरच्या स्वागतकमानीसारखी दिसते, पण एका खासगी दुकानदाराला सार्वजनिक रस्ता असा अडवू कसा देतात, ते कळले नाही.

डर्बीकर

इंग्लंडमध्ये अशा पाटीला 'गॅलोज साइन', म्हणजे फाशीच्या खांबासारखी पाटी म्हणतात. दोन्ही बाजूंना उभा आधार, वर रस्ताभर आडवी तुळई, आणि त्या तुळईवर किंवा तिच्याखाली नाव आणि चिन्ह. गाडीच्या टपावर बसलेल्या उतारूला ती दुरूनच दिसावी हा हेतू असे. हौसेला मोल नसते म्हणतात ते या धंद्याला तंतोतंत लागू होते. नॉरफकमधील स्कोल गावच्या व्हाइट हार्ट सराईने १६५५ साली उभारलेल्या कोरीव पाटीला १,०५७ पौंड खर्च आला होता, आणि त्या काळी एवढ्या पैशात चांगली घरे उभी राहत.

शहरांतल्या लोंबत्या पाट्या पुढे अडचणीच्या ठरल्या. वाऱ्याने त्या करकरत, प्रसंगी खालीही कोसळत. म्हणून लंडनमध्ये १७६० च्या दशकात रस्ता सुधारणेच्या कायद्यांनी त्या भिंतीला सपाट लावायला भाग पाडले. लहान गावांत अशी सक्ती झाली नाही, तरी वाहने उंच होत गेली तसतशा या आडव्या पाट्या बहुतेक ठिकाणी काढल्या गेल्या. स्टॅमफर्डचे जॉर्ज, यॉर्कमधील ये ओल्ड स्टार, हर्टफर्डशायरमधील बार्ली गावचे फॉक्स अँड हाउंड्स अशी थोडीच उदाहरणे आज उरली आहेत. अ‍ॅशबर्नची पाटी त्यांपैकी एक असून तिला वास्तुवारशाचे कायदेशीर संरक्षण आहे. जुन्या पाटीच्या मागे धंदा चालू असणे कायद्याला आवश्यक नाही. त्यामुळे सराई बंद झाल्यावरही पाटी परवानगीशिवाय काढता येत नाही, अशी ही गंमतीची परिस्थिती आहे.

मावळती

पबांच्या बंद पडण्याचे खापर रेल्वेवर फोडणे मला थोडे ओढूनताणून वाटते. १८४० मध्ये झालेल्या नुकसानीने एखादे घर गेल्या दशकात बंद पडेल काय? गेल्या तीसचाळीस वर्षांतील कारणे अगदी उघड आहेत. १९८९ च्या सरकारी आदेशांनी दोन हजारांहून अधिक पब असलेल्या मोठ्या बिअर कारखानदारांना त्या मर्यादेवरच्या पबांपैकी निम्मे आपलीच बिअर विकण्याच्या बंधनातून मोकळे करायला लावले. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता, पण ते पब हजारोंच्या संख्येने नव्या मालमत्ता कंपन्यांच्या घशात गेले. या कंपन्या भाडेही घेत आणि बिअरही आपल्याच दराने विकत घ्यायला लावत. त्यात जुलै २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंदिस्त जागी धूम्रपानबंदी आली, २००८ पासून पाच वर्षे बिअरवरील कर महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढवला गेला, आणि सुपरमार्केटमध्ये बिअरचे डबे पबच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळू लागले. इसवी सन २००० मध्ये ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर असलेले पब २०१९ पर्यंत ४७,००० च्या आसपास आले, त्याचे कारण या गोष्टींत आहे.

डर्बीकर

मावळती, तुम्ही सांगितलेली कारणे खरी आहेत आणि मी ती नाकारत नाही. मात्र ती सर्व पबांना सारखीच लागू होती. तरीही काही तरले आणि काही बुडाले. तेव्हा घराघरांत फरक कुठे होता हा प्रश्न उरतोच.

इंग्लंडच्या कायद्यात सराई आणि बिअरघर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जागा रिकामी असेल आणि प्रवासी भाडे देण्यास तयार असेल, तर सराईवाल्याने त्याला सबळ कारणाशिवाय परत पाठवू नये आणि त्याच्या सामानाची जबाबदारी घ्यावी, असा जुना दंडक आहे. बिअरघरावर असे कोणतेही बंधन नव्हते, आणि १८३० च्या बिअर कायद्यानंतर तर कोणाही करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून आपल्या बाहेरच्या खोलीत बिअर विकता येऊ लागली. म्हणजे एकीकडे रेल्वेने सराईचे उतारू नेले आणि दुसरीकडे शेजारच्या घरातल्या स्वस्त बिअरने तिचे स्थानिक गिऱ्हाईक नेले. सराईच्या गळ्यात उरल्या त्या पंधरावीस खोल्या, तबेले, मोठे अंगण आणि जुने छप्पर. दोन खोल्यांचा पब मंदीत बिअरचे पंप बंद करून तग धरतो, पण अशा इमारतीचे छप्पर मंदीतही गळतच राहते. तिला संरक्षित दर्जा असल्यावर दुरुस्तीही मनाजोगत्या स्वस्त साहित्याने करता येत नाही. रेल्वेने ग्रीन मॅन बंद पाडला असे माझे म्हणणे नाही. रेल्वेने त्याला त्याच्या आकाराएवढा धंदा ठेवला नाही, आणि नंतरच्या प्रत्येक तडाख्याने तो इतरांपेक्षा अधिक हलला, एवढेच म्हणायचे आहे.

बॉसवेलच्या ग्रीन मॅनच्या भेटीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७७६ च्या मार्चमध्ये, जॉन्सन आणि बॉसवेल ऑक्सफर्डशायरमधील चिपिंग नॉर्टनजवळच्या चॅपल हाउस या सराईत जेवले होते. माणसाने आजवर शोधलेल्या कोणत्याही गोष्टीने चांगल्या सराईइतके सुख दिलेले नाही, हे जॉन्सनचे गाजलेले उद्गार तिथले. ती सराईही गाड्यांच्या धंद्याबरोबर संपली. ग्रीन मॅन त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक टिकला, त्याला बहुधा पुढचे कारण आहे.

रविवारसकाळ

ते कारण फुटबॉल असणार, असे गृहीत धरून लिहितो.

अ‍ॅशबर्नचा श्रोव्हटाइड फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लेंट उपवासाच्या आदल्या मंगळवारी आणि त्यानंतरच्या अ‍ॅश वेन्सडेला, असे दोन दिवस हा सामना चालतो. हेनमोर ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले 'अपर्ड्स' आणि दक्षिणेला जन्मलेले 'डाउनर्ड्स'. गोल एकमेकांपासून तीन मैलांवर, एक स्टर्स्टन गिरणीच्या जागी आणि दुसरा क्लिफ्टन गिरणीच्या जागी. चेंडू कातडी, आत बुचाचा भुगा भरलेला, त्यामुळे तो पाण्यात तरंगतो. दुपारी दोन वाजता शॉ क्रॉफ्ट येथील चौथऱ्यावरून तो गर्दीत टाकला जातो आणि मग शेकडो माणसांचा एक वाफाळता लोंढा गल्ल्यांतून, शेतांतून आणि ओढ्यातून रात्री दहापर्यंत सरकत राहतो. दुकानांच्या काचांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात. गोल करणाऱ्याने चेंडू दगडी जात्यावर तीनदा आपटायचा असतो. चर्चचे आवार आणि दफनभूमी वर्ज्य, चेंडू मोटारीतून नेणे वर्ज्य, आणि मनुष्यवधही वर्ज्य, असे नियम गावकरी गंभीर चेहऱ्याने सांगतात.

सामन्यापूर्वी मान्यवरांचे भोजन, राष्ट्रगीत आणि 'ऑल्ड लँग साइन' होते. कित्येक वर्षे हे भोजन ग्रीन मॅनमध्ये होत असे. १९२८ साली तेव्हाचे युवराज, पुढे आठवे एडवर्ड झालेले, चेंडू टाकायला आले तेव्हापासून खेळाला 'रॉयल' म्हणू लागले, आणि त्या दिवशी युवराजांचे नाक फुटून रक्त आले, ही गोष्ट गावाने आजही अभिमानाने जपली आहे. २००३ मध्ये चार्ल्स यांनीही चेंडू टाकला.

डर्बीकर

अगदी बरोबर. वर्षातून दोन दिवस सारा गाव ज्या अंगणात गोळा होतो ते घर अन्य दिवशी रिकामे असले तरी सहजासहजी बंद होऊ दिले जात नाही. पण दोन दिवसांच्या गर्दीवर वर्षभराचा खर्च निघत नाही, हेही तितकेच खरे आहे. घर बंद पडले, भोजन दुसरीकडे हलले आणि खेळ पूर्वीसारखाच चालू राहिला. खेळाला ग्रीन मॅनची गरज नव्हती, ग्रीन मॅनला खेळाची होती, असे कटूपणे म्हणावे लागते.

पेठकरी

२०२० विषयी तुम्ही एका वाक्यात आटोपले. त्यावर सविस्तर लिहावे. पाटीवरील त्या शिराविषयी मी फक्त बातम्यांत वाचले होते.

डर्बीकर

मुद्दाम मागे ठेवले होते, कारण तो विषय आला की पबचा इतिहास बाजूला पडतो.

तुळईच्या मध्यावर एका कृष्णवर्णीय माणसाचे लाकडात कोरलेले, रंगवलेले शिर बसवलेले होते. ते दुतोंडी आहे, एका बाजूने हसरे आणि दुसऱ्या बाजूने दुर्मुखलेले, असे सांगतात. चेहरेपट्टीचे चित्रण उपहासात्मक आहे, आणि ते पाहून एखाद्या कृष्णवर्णीय प्रवाशाला काय वाटेल याविषयी मला तरी शंका नाही. मे २०२० च्या अखेरीस अमेरिकेत पोलिसांच्या कारवाईत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला. ७ जूनला ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापारातील एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात टाकला गेला. त्याच सुमारास अ‍ॅशबर्नचे शिर काढावे अशा मागणीच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या, ते राहू द्यावे असाही अर्ज निघाला, आणि जिल्हा परिषदेने ते तात्पुरते उतरवण्याचे ठरवले. परिषदेची माणसे येण्यापूर्वीच ८ जूनच्या रात्री गावातल्याच काही जणांनी शिडी लावून ते उतरवले आणि आपण ते सुरक्षित राहावे म्हणून ताब्यात घेत आहोत असे सांगितले. वास्तूला संरक्षण, शिराला विरोध, शिराला पाठिंबा आणि शिराची पळवापळवी, असे सर्व एका आठवड्यात घडले.

जुने_कागद

या चिन्हांच्या उगमाविषयी थोडी भर घालतो. 'ब्लॅकमूर्स हेड', 'सॅरसेन्स हेड', 'टर्क्स हेड' अशी नावे इंग्लंडभर होती. त्यांतील काहींच्या मुळाशी धर्मयुद्धांच्या स्मृतीतून आलेली सरदारी कुलचिन्हे आहेत, तर काहींच्या मागे सतराव्या-अठराव्या शतकात श्रीमंत घरांत कृष्णवर्णीय चाकर ठेवण्याची रूढी आणि त्यामागचा गुलामांचा व्यापार आहे. एकाच नावाच्या दोन पाट्यांचा उगम एकच असेल असे नाही.

'ग्रीन मॅन'चेही तसेच आहे. आज आपण पानाफुलांतून डोकावणारा चर्चमधील चेहरा म्हणजे ग्रीन मॅन असे समजतो, पण त्या कोरीव चेहऱ्यांना हे नाव लेडी रॅग्लन यांनी १९३९ च्या एका लेखातून दिले. सराईंच्या पाट्यांवरचा ग्रीन मॅन त्याहून कितीतरी जुना. मिरवणुकीत पाने गुंडाळून, हातात सोटा घेऊन पुढे चालणारा रानटी माणूस किंवा हिरव्या वेषातला वनरक्षक, अशी त्याची रूपे आहेत. दगडी चेहऱ्याने पाटीचे नाव उसने घेतले आहे, उलट नव्हे.

डर्बीकर

धन्यवाद, ही मोलाची भर आहे. मलाही एक गोष्ट जोडायची आहे, जी २०२० च्या गदारोळात कोणी फारशी मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.

बॉसवेलच्या त्याच मुक्कामात, मंगळवार २३ सप्टेंबर १७७७ रोजी रात्री जेवणानंतर, जॉन्सनने अ‍ॅशबर्नमध्ये टेलरच्या घरी एक युक्तिवाद तोंडी सांगितला आणि बॉसवेलने तो उतरून घेतला. जमैकात लहानपणी विकत घेतला जाऊन स्कॉटलंडला आणलेला जोसेफ नाइट आपल्या मालकाविरुद्ध, जॉन वेडरबर्नविरुद्ध, स्वातंत्र्यासाठी न्यायालयात झगडत होता, त्याच्या बाजूने हा युक्तिवाद होता. कोणताही मनुष्य निसर्गतः दुसऱ्याची मालमत्ता नसतो, हे त्याचे सार. १७७८ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयाने बहुमताने नाइटच्या बाजूने निकाल दिला. जॉन्सनचा स्वतःचा सेवक फ्रान्सिस बार्बर हाही जमैकात गुलामीत जन्मलेला, आणि जॉन्सनने आपली बहुतेक मालमत्ता त्यालाच ठेवली. लिहून घेणारा बॉसवेल मात्र या मताशी सहमत नव्हता, आणि त्याने आपली असहमती चरित्रात स्पष्ट नोंदवली आहे. किलिंग्लीबाईंच्या कागदावरचा 'मंगळवार' हाच असावा, असे मला वाटते.

त्यामुळे 'जुन्या काळी कोणालाच यात वावगे दिसत नव्हते' हा शिराच्या बाजूने नेहमी केला जाणारा बचाव निदान अ‍ॅशबर्नमध्ये तरी टिकत नाही. या गावातच, या पाटीपासून चालत काही मिनिटांवर, तो वाद झडला होता. तसेच गावकऱ्यांना सरसकट वर्णद्वेष्टे ठरवणेही मला पटत नाही. त्यांच्यापैकी अनेकांसाठी ते शिर म्हणजे फुटबॉलच्या दिवसाचा आणि एका बंद पडलेल्या घराचा शेवटचा उरलेला तुकडा होता. घर चालू असते, तर हा निर्णय मालक आणि ग्राहक यांनी केव्हाच घेतला असता, जसा देशात इतरत्र कित्येक पबांनी नावे बदलून घेतला. मागे धंदा नाही आणि पाटी कायद्याने जपलेली, म्हणून प्रश्न परिषदेच्या गळ्यात पडला.

मावळती

हा मुद्दा पटला. रेल्वेविषयीचे माझे म्हणणे मी थोडे सौम्य करतो, मागे मात्र घेत नाही.

एक शंका. आज असा पब बंद होण्यापूर्वी गावाला काही करता येते का?

डर्बीकर

येते. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने एखादी वास्तू 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवता येते. मग मालकाने ती विकायला काढली, तर गावातील गटाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळू शकते. मालकाने गावालाच विकावे अशी सक्ती मात्र नाही. २०१७ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचे दुकान करण्यासाठी नियोजन परवानगी घेणे आवश्यक झाले. त्यापूर्वी मालकाला बऱ्याचदा कोणाला विचारावेही लागत नसे. ग्रीन मॅनसारख्या घरांच्या दृष्टीने हा बदल उशिरा आला.

पेठकरी

मी सध्या लँकेशरमध्ये राहतो आणि आमच्या गावातही एक बंद पब आहे, ज्याच्या भिंतीवर नावाची पुसट अक्षरे अजून वाचता येतात. त्याचा इतिहास शोधायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?

जुने_कागद

परगण्याच्या अभिलेखागारातून करा. डर्बीशायरचे मॅटलॉकला आहे, तुमचे प्रेस्टनला. १७५३ च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांच्या कारकुनांना परवानाधारक पबवाल्यांची नोंदवही ठेवावी लागे, आणि १८२८ पर्यंतच्या अशा वह्या अनेक ठिकाणी टिकून आहेत. त्यानंतरच्या काळासाठी पिगट आणि केली यांच्या व्यापारी निर्देशिका पाहाव्यात. १८४१ पासूनच्या दहावार्षिक जनगणनेत घरात त्या रात्री कोण कोण होते, नोकर किती आणि उतारू किती, हेही कळते. सराई ओस पडत चालली असेल तर जनगणनांमधील नोकरांची संख्या ओळीने लावून पाहिली की ते दिसते.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या नोंदवह्यांत पबवाल्याचे आणि जामीनदारांचे नाव असते, घराचे नाव पुष्कळदा नसते. म्हणून आधी निर्देशिकेतून घर आणि मालक यांची जोडी निश्चित करावी, आणि मग त्या माणसाचे नाव धरून वहीत वर्षावर्षाने मागे जावे.

पेठकरी

आभारी आहे. भिंतीवरच्या अक्षरांचे छायाचित्र काढून येथेच टाकतो. पहिला शब्द 'ग्रेप्स' आहे, दुसरा लागत नाही.